हौशीराममामांचं म्हैसूर

माझ्या मामांनी आयुष्यात जितके पर्यटक पाहिले तितके एखाद्या किल्ल्याच्या दरवाजानेही पाहिले नसतील. पण स्वतः पर्यटक व्हायची पाळी आली तेव्हा त्यांची जी काही फजिती झाली, ती मी शेजारी उभी राहून पाहिली आहे. मामांसमोर ती सांगायची सोय नाही, म्हणून लिहून काढते.

मळवली स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर एका शेठचा बंगला आहे. शेठ मुंबईला असतात, बंगला मामांकडे असतो. एकतीस वर्षं झाली. शुक्रवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, त्यातून माणसं, गाद्यांपेक्षा मोठे स्पीकर आणि बर्फाच्या पिशव्या उतरतात. मामा फाटकाशी उभे. आधी पाणी, मग "चपला हितं काढा", मग गिझरचं बटण कुठलं ते दाखवणं. पाहुणे वरून खाली बघत विचारतात, "काका, इथे बघण्यासारखं काय आहे?" काका त्यांना जवळच्या भाजे गावच्या लेण्यांकडे नेतात. आजवर शंभर वेळा तरी नेलं असेल. लेणी आतून कशी आहेत ते मात्र मामांना विचारू नका. पाहुणे आत जातात, मामा बाहेर बॅगा सांभाळतात.

बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या सहा खुर्च्या आहेत. मामांनी त्या दर वर्षी पावसाळ्याआधी आत नेल्या, नंतर बाहेर काढल्या, पुसल्या, उन्हात ठेवल्या. बसले एकदाही नाहीत. बसायचं तर पायरीवर.

आणि या सगळ्याच्या मागे, म्हणजे खरोखरच बंगल्याच्या मागच्या खोलीत, माझी मामी. नंदाबाई. ती चुलीपुढे भाकऱ्या थापते, मामा ताटं पुढे नेतात. पाहुण्यांचं झालं की मामा उभ्या उभ्या चार घास खातात, त्यांचं झालं की मामी टोपल्यात उरलं असेल ते. चहाचंही तेच. पहिलं पातेलं पुढे जातं, दुसरं पातेलंही पुढे जातं, आणि मामीचा कप चुलीच्या कडेला निवत बसतो. ती साय बोटाने बाजूला करून पिते. लहानपणी मला वाटायचं, मामीला गार चहाच आवडतो.

यंदा फेब्रुवारीत शेठनी गच्चीचं काम काढलं आणि पाच दिवस बंगला पाहुण्यांना बंद राहिला. मी वराळ्याला राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. रजा शिल्लक होती. मामीला फोन केला, "कुठं तरी जाऊ या का?" मला वाटलं, कुठलं तरी देवस्थान सांगेल. मामी म्हणाली, "म्हैसूर." कुणा पाहुणीने तिला मोबाइलवर म्हैसूरच्या राजवाड्याचं चित्र दाखवलं होतं, रात्रीचं, सगळे दिवे लागलेलं. त्याला सात वर्षं झाली होती. सात वर्षं बाईने हे मनात ठेवलं आणि तोंडातून काढलं नाही.

मामा आधी नाही म्हणाले, मग गच्चीचं कारण सांगितलं, मग गुडघ्याचं. गुडघा मामीचा दुखतो. शेवटी त्यांचा मुलगा समर्थ म्हणाला, "आबा, मी कंपनीतून सुट्टी काढतो, बंगल्यावर झोपतो. जावा तुमी." तेव्हा मामीने मामांना माझ्यादेखत बजावलं, "आवं, माजं एकच मागनं हाय. तितं तुमी रखवालदार न्हाई. तितं तुमी पाव्हणं. माज्यासंगं बसायचं, माज्यासंगं जेवायचं. एक डाव तरी."

"त्यात काय," मामा म्हणाले. "बसू की."

ही गोष्ट त्या "बसू की"ची आहे.

म्हैसूरला शनिवारी दुपारी पोचलो. लॉजमधली खोली बघून मामी खूश झाली. मामांनी आत शिरताच गिझर तपासला, नळ सोडून बघितले, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि खिडकीची कडी सैल असल्याचं खाली काउंटरवर जाऊन सांगून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीहून येते तो काय, मामांनी चादरींच्या घड्या घालून, उशा रचून खोली अशी लख्ख केलेली, की साफसफाईला आलेली बाई दारातच थबकली. तिला वाटलं, आम्ही खोली सोडून चाललो. "जित्याची खोड," मामी पुटपुटली. पुढचं ती बोलली नाही, सणाच्या दिवशी बोलू नये म्हणून. म्हैसूरला येणं हा तिच्या लेखी सण होता. नवी जांभळी साडी नेसली होती ती.

राजवाड्याच्या फाटकावर तपासणीचं यंत्र मामांना पाहून केकाटलं. खिशातून निघाला बंगल्याच्या किल्ल्यांचा जुडगा. अठरा किल्ल्या. 

"समर्थकडं दिल्यात ना?" मामीने विचारलं.

"त्या दुसऱ्या. ह्या माज्या."

राजवाड्यात जायचं तर चपला बाहेर काढून ठेवाव्या लागतात. मामांचे पाय तिथे जे थांबले ते थांबलेच. मी आणि मामी पुढे झालो, मामा मागून येताहेत असं समजून. आतला तो दरबार, ते रंगवलेले खांब! राजघराण्याच्या लग्नमंडपाचं छत तर रंगीत काचांचं, त्यात मोर. मामी मान वर करून एवढा वेळ बघत राहिली की मागची माणसं वळसा घालून जाऊ लागली. "आवं, वर बघा, मोर," असं म्हणून ती वळली, तर शेजारी कुणी भलतेच गृहस्थ. मामा नव्हते. मामीने तो मोर पुन्हा पाहिला नाही.

दीड तासाने बाहेर आलो तेव्हा मामा चपलांजवळच उभे होते. पायाशी सहा बॅगा, खांद्यावर एका बाळाचं दुपटं. सोलापूरकडचं एक कुटुंब मामांना म्हणालं होतं, "काका, जरा लक्ष ठेवता का?" बघता बघता आणखी दोघांनी आपलं सामान आणून ठेवलं. मामांच्या उभं राहण्यातच असं काहीतरी आहे. ते जिथे उभे राहतात तिथे माणसं बिनधास्त बॅगा ठेवून जातात. एका आजोबांनी तर त्यांना तिकीट दाखवलं, आणि मामांनी ते बघून परतही दिलं.

"आवं, आत मोर हायेत छताला," मामी म्हणाली.

"आसतील की. पन ह्यांचं सामान कुनावर सोडू?"

मामीने आपल्या चपला पायात सरकवल्या. मी बोलले, बरंच बोलले, पण ते छापण्यासारखं नाही.

संध्याकाळी दिवे होते. रविवारी सात वाजता सगळा राजवाडा उजळतो, लाखाच्या आसपास दिवे म्हणतात. मामी साडेसहालाच समोरच्या मैदानात जाऊन बसली. वर्तमानपत्र उलगडून पसरलं, अर्ध्यावर स्वतः बसली, अर्ध्यावर हाताने थोपटून मामांना बसवलं. आणि मामा बसले! खरंच बसले. मी जरा लांब सरकले, म्हटलं यांना एकटं असू दे.

सातला दिवे लागले. सगळे एकदम. मैदानातल्या हजारो माणसांच्या तोंडून एकच "आ" निघाला. मामीचा हात छातीशी गेला. मामा म्हणाले, "बाबौ! आता हे बंद कोन करीत आसंल?"

आणि उठले.

पाऊण तास दिवे होते. पाऊण तास मामा फाटकाजवळच्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याशी बोलत होते. तो कानडी, हे मावळी. बटणं किती, बल्ब उडाला की वर कोण चढतं, माकडं वायरी ओढतात का, या सगळ्याची विचारपूस हातवाऱ्यांनी झाली. किल्ल्यांचा जुडगाही निघाला. पहारेकऱ्याने आपला काढून दाखवला. इतक्या आनंदात मी मामांना त्यांच्या लेकाच्या हळदीतही पाहिलं नव्हतं.

इकडे मामी वर्तमानपत्रावर. शेजारचा अर्धा कागद वाऱ्याने उडायला लागला, तेव्हा तिने त्यावर चप्पल ठेवली. मला फार वाईट वाटलं. राजवाडा एवढा झगमगत होता आणि मी बघत होते तो त्या चपलेकडे.

दिवे विझले तसे मामा परत आले आणि समाधानाने म्हणाले, "झालं बाबा. एकाच वक्ताला सगळे बंद व्हत्यात." मामी उठली, कागदाची घडी घातली.

सोमवारी दुपारची गाडी. सकाळी लॉजखालच्या हॉटेलात नाश्त्याला बसलो. म्हणजे मी आणि मामी बसलो. मामांची पाठ खुर्चीला टेकते न टेकते तोच शेजारच्या टेबलावरचा जग रिकामा दिसला. ते उठले, कोपऱ्यातून जग भरून आणला, तिथे बसलेल्या दोघांच्या पेल्यांत पाणी ओतलं, वर विचारलं, "आजून काय लागतंय का?"

मामी उभी राहिली. पदर खोचला. बाजूच्या टेबलावर कुणाची तरी उष्टी ताटं पडली होती, ती तिने एकात एक रचली, वर वाट्या ठेवल्या आणि चालायला लागली स्वयंपाकघराकडे. दुखऱ्या गुडघ्याने, नव्या जांभळ्या साडीत. सगळं हॉटेल बघायला लागलं.

"आगं, काय करतीस?" मामा ओरडलेच.

"तुमी पानी वाढताय," मामी मागे न बघता म्हणाली, "तर खरकटं कोन काढनार? एकतीस वरसं मीच काढतीया की."

मामांच्या हातातला जग तसाच राहिला. मामा असे गोरेमोरे झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. बंगल्यावर ते पुढे असतात आणि मामी मागे. ती उष्टी ताटं घेऊन जाताना कशी दिसते, हे त्यांनी बहुधा कधी पाहिलंच नव्हतं. ते गेले, तिच्या हातातली ताटं घेतली, जवळच्या टेबलावर ठेवली. "बस," म्हणाले. मग घाईघाईने, "मीबी बसतो." आणि बसले. दोन्ही हात मांडीखाली घातले, उगाच कशाला लागायला नकोत म्हणून.

वेटर आला. चांगला पन्नाशीचा माणूस, सगळं पाहिलेलं, पण चेहऱ्यावर काही नाही. कसलेला. "क्या लेंगे?" त्याने मामांना विचारलं.

हाच प्रश्न मामांनी एकतीस वर्षं लोकांना विचारला. उत्तर द्यायची वेळ आली तर त्यांना ते येईना. माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. पाटी कानडीत. शेवटी मामीकडे वळून म्हणाले, "आगं, तुला काय आवडतं?"

मामीने तोंड उघडलं आणि मिटलं.

मला वाटलं, ती रागावली आहे. तसं नव्हतं. ती आठवत होती. उरेल ते खाणाऱ्या बाईला आवडतं काय, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. वेटर दुसऱ्या टेबलावर जाऊन परत आला, तरी ती आठवतच होती. मामा टक लावून तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. हात मांडीखालीच.

"चा," मामी म्हणाली. मग बोट वर करून वेटरला नीट समजावलं, "चा आना. आन् आदी मला. गरम हाय तवर."

वेटरला मराठी येत होती की नाही देव जाणे, पण त्याने एकच कप आणला आणि तो मामीसमोर ठेवला. वाफा निघत होत्या. मामीने सवयीने बोट पुढे केलं, साय काढायला. साय आली नव्हती अजून.

ती फुंकर मारत चहा प्यायली. मामांचा यायचा होता. शेजारच्या टेबलावरचा जग पुन्हा रिकामा झाला होता. मामांनी तो पाहिला, मी त्यांना पाहताना पाहिलं. पण मामीचा कप संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.