शहाणी केलेली गाडी

माझ्या माहेरी, शेवगावला, भावाचं गॅरेज आहे. त्यामुळे लग्न होऊन राहात्याला आल्यापासून माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. रस्त्यात पंक्चर झालं तर गोष्ट वेगळी, पण ऑइल बदलायचं असलं तरी मी दोन तास गाडी हाकत शेवगावला जायचे. आमच्याकडे हे असंच असतं. भावाचं गॅरेज असताना बहिणीने गाडी दुसरीकडे टाकली, तर आठवड्याच्या आत दोन्हीकडचे नातेवाईक फोन करून विचारतात, दादाशी काही बिनसलंय का?

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांना जडत्व शिकवताना बसचं उदाहरण देते: बस वळली की आपण बाहेरच्या बाजूला का झुकतो, ब्रेक लागला की पुढे का जातो. हे सांगायचं कारण एवढंच की पुढे जे झालं ते मला अडाणीपणावर ढकलता येत नाही.

ऑटोक्रॉस मी पहिल्यांदा पाहिलं ते दादामुळे. साखर कारखान्याबाहेर उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते मोठं मैदान हंगाम संपला की मोकळं पडतं. तिथे प्लॅस्टिकचे केशरी कोन मांडून नागमोडी वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. कोन पडला की वेळेत सेकंद वाढवून धरतात. दादा पूर्वी स्वतः चालवायचा, मग पाठदुखीने सोडलं, पण मैदानावर त्याला मान होता. त्या दिवशी बायकांच्या गटात गाड्या कमी पडत होत्या. तो सहज म्हणाला, "बसतीस का?" मी माझ्या साध्या हॅचबॅकमध्ये बसले आणि निघाले.

ती पावणेदोन मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात. दुसऱ्या वळणावर मागची चाकं उसाच्या वाळक्या पाचटावरून सरकली, गाडी आडवी झाली आणि मी विचार न करता स्टिअरिंग उलट फिरवून ती सरळ केली. कुणी शिकवलं होतं मला? कुणी नाही. उतरले तेव्हा मी हसत होते. अडतीस वर्षांची बाई, दोन पोरांची आई, आणि मला नाचावंसं वाटत होतं.

दादा हसला नाही. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "गाडी तीन दिवस माझ्याकडं ठेव. नीट बांधून देतो." तीन दिवसांनी किल्ली हातात देताना म्हणाला, "शहाणी केलीया गाडी. आता तुला कुटं फेकणार न्हाई." मला भरून आलं. सासरी सगळ्यांना सांगितलं, दादाने माझ्यासाठी तीन दिवस घालवले.

तेव्हापासून दोन वर्षं मी कोन पाडत राहिले.

दादाने शिकवण्यात कसर ठेवली नाही, हे मान्य करावंच लागेल. महिन्यातून एक रविवार तो मला रिकाम्या मैदानावर घेऊन जायचा. शेजारी बसून सांगायचा, "ब्रेक काय मारायचा तो सरळ असताना मार, वळणात न्हाई. ब्रेक मारला की वजन पुढं येतं, पुढची चाकं धरत्यात, तवाच वळव. आत शिरताना हळू, बाहेर पडताना पळव. आन् ज्या कोनाला टाळायचं त्याच्याकडं बघू नको, पुढच्याकडं बघ." सगळं बरोबर होतं. मी ते वहीत लिहून पाठ केलं, तरी वळणावर स्टिअरिंग फिरवलं की गाडीचं नाक सरळच जायचं. लाडाने बिघडलेल्या पोराला हाक मारावी आणि त्याने ऐकूच नये, तशी गाडी मला दाद देत नव्हती. मग मी स्टिअरिंग आधीच फिरवायला लागले, आणि गरजेपेक्षा दुप्पट. तरीही कोन पडायचे.

मी दादाला एकदा विचारलं, गाडीत तर काही नाही ना? तो म्हणाला, "गाडी बरूबर हाय. हात बसायला टाइम लागतो." चाकांतल्या हवेचं विचारलं तर म्हणाला, "हवेचं मी बघतो, तू चालवण्यावर ध्यान दे." मी ध्यान दिलं.

घरी जेवताना नवरा विचारायचा, "आज किती पाडले?" पोरं आकडा सांगायची आणि सगळे हसायचे, मीही हसायचे. पण त्या हसण्याने मला आतून पोखरलं. हळूहळू मी शिर्डी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायचं सोडलं. लग्नकार्याला निघालो की आपण होऊन किल्ली नवऱ्याकडे द्यायला लागले. शाळेत स्कूटीवर जायला लागले. मला गाडी येत नाही, हे मी पटवून घेतलं होतं. पहिल्या दिवशीची ती आडवी गाडी सरळ झाली, ते नशीब असं मी स्वतःला सांगायचे. अठराव्या वर्षी दादाच्याच जीपवर गाडी शिकलेली मी, चाळिशीला आल्यावर मला ती येईनाशी झाली.

मग एका पावसाळी आठवड्यात गाडी मोठ्या खड्ड्यात आदळली आणि एका बाजूला ओढायला लागली. दादा सासरवाडीला अकोले तालुक्यातल्या डोंगरात गेला होता, तिथे फोन लागत नव्हता. मला दुसऱ्या दिवशी गाडी हवीच होती. चोरी करावी तशी मी ती राहात्यात चाकं सरळ करून देणाऱ्या एका अलाइनमेंटवाल्याकडे नेली.

त्याने चाकांना यंत्र लावलं, पडद्याकडे पाहिलं, मग गाडीखाली वाकला. पुढची चाकं हाताने चाचपली. शेवटी विचारलं, "ताई, ही गाडी वळती का वो?"

मी म्हटलं, खड्ड्यात आदळलीय.

"खड्ड्याचं येगळं. ते एका चाकाचं हाय. पण पुढची दोन्ही चाकं आत तोंड करून बसवल्यात, मोजून. अशी गाडी सरळ लई चांगली जाती, वळाया मागत न्हाई. पुढचे शॉकअप कडक, मागचे पार मऊ. पुढं हवा टम्म, मागं निम्मी. मंजी मागचं बूड जमिनीला चिकटून बसणार आन् पुढचं घसरणार. हे चुकून न्हाई होत. कुनीतरी बसून केलंय." मग त्याने एक्सलेटरखालची मॅट उचलली. पॅडलच्या खाली रबर लावलेला एक बोल्ट होता. पॅडल त्याच्यापाशी अडायचं. मी दोन वर्षं त्यालाच तळ समजत होते.

"बांधनारा हुशार हाय पण," तो म्हणाला.

मी तिथल्या टायरच्या ढिगावर बसले. पुढच्या चाकांची पकड काढून घेतली की गाडी वळणात सरळ जाते, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवू शकले असते. स्वतःच्या गाडीत मी ते शोधलं नाही, कारण ती दादाने बांधली होती. रडू आलं नाही. इतका राग आला की कान गरम झाले. दादा माझ्या शेजारी बसून, नाक सरळ जाणारी गाडी बघत, मला म्हणत होता हात बसायला वेळ लागतो.

रविवारी मी शेवगावला गेले. तो बोल्ट काढून नेला होता. दादा चहा पीत होता, त्याच्या बशीत ठेवला.

त्याने विचारलं, "कुनी सांगितलं?"

हे काय आहे असं त्याने विचारलं नाही. तेवढ्यावर सगळं कळलं.

"का केलंस?"

"तुला काय झालं असतं मंजी?" त्याने बशी बाजूला सरकवली. "पयल्या दिवशी कशी चालवली तू, म्हाईत हाय? लई जोरात हुतीस. गटात तुझ्यावानी कुनी नव्हतं. गाडी आडवी झाली तवा माजा जीव गेल्ता. दाजी म्हनले, तिला बंद कर म्हनून बंद करायची न्हाई ती. गाडीच शहाणी करून टाका, आपोआप कंटाळंल."

दाजी म्हणजे माझा नवरा. रोज जेवताना कोन मोजणारा.

मी म्हटलं, "लई जोरात होते, हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर थांबली असतीस का?"

"नसते थांबले."

"मग?" तो म्हणाला, जणू मीच त्याच्या बाजूने बोलले होते.

मला ते एक वाक्य हवं होतं. दोन वर्षं रोज हवं होतं. ते त्याच्याजवळ होतं आणि त्याने दाबून ठेवलं. मला शहाणी बहीण म्हणत म्हणत त्याने गाडी शहाणी केली, आणि हा शब्द तो उघड माझ्या तोंडावर बोलला होता, मला तो कौतुकाचा वाटला. आमच्याकडे शहाणी म्हणतात ती सांगितल्या वाटेने जाणारी असते. मला कळायला हवं होतं.

घरी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं, तुझ्याच काळजीपोटी." मी त्याच्याशी पंधरा दिवस कामापुरतं बोलले, आणि पोरांनी जेवताना कोनांचा विषय काढणं बंद केलं.

गाडी अलाइनमेंटवाल्याने अर्ध्या दिवसात सरळ केली. चाकं समोर, मागचे शॉकअप बदलून, हवा मी स्वतः मोजून. वाटलं, आता सुटले. मैदानावर एकटीच गेले, पहिल्या वळणावर नेहमीसारखं आधीच आणि दुप्पट स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी गर्रकन फिरून आली तिकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्यांदाही तेच झालं. वाकड्या गाडीची सवय माझ्या हातांत उतरली होती. बोल्ट काढता आला, पण ती सवय काढायला पुढचे पाच महिने गेले. प्रत्येक रविवारी मी तेच एक वळण घ्यायचे: सरळ ब्रेक, थोडं स्टिअरिंग, थांब, मग पॅडल. ते 'थांब' मला सगळ्यात जड गेलं. गाडी आपलं ऐकेल यावर तेवढा क्षण विश्वास ठेवावा लागतो.

या उन्हाळ्यात त्याच मैदानावर उतरले. वाट आखायला नेहमीप्रमाणे दादाही होता. त्याने जवळ येऊन विचारलं, "हवा बघू का?" मी नको म्हटलं. नवरा पोरांना घेऊन दोरीपलीकडे उभा होता.

एकही कोन पडला नाही. शेवटच्या वळणात मागची चाकं सरकली, मी हात फिरवले आणि गाडी सरळ झाली. बायकांच्या गटात माझी वेळ दुसरी आली. नवरा टाळ्या वाजवत आत आला आणि म्हणाला, "काय चालवलीस!" ज्या वाक्यासाठी मी दोन वर्षं झुरले ते तो बोलत होता, आणि मला त्यातलं एक अक्षर खरं वाटेना.

मी तशीच घड्याळवाल्यांच्या टेबलापाशी गेले आणि कागद मागितला. माझी वेळ दोनदा वाचली. मग विचारलं, "कोन सगळ्यांना इथेच होते ना? माझ्या वेळेला कुणी लांब सरकवले नव्हते?"

तो तरुण गोंधळला. "न्हाई मॅडम. सगळ्यांना सारखंच हुतं. कोन कशाला सरकवंल कुनी?"

दादा माझं हेल्मेट घ्यायला मागे येऊन उभा राहिला होता, हे मला वळल्यावर दिसलं. त्याचा हात पुढे केलेला होता. तो त्याने खाली घेतला आणि मैदानावरचे कोन गोळा करायला निघून गेला.