शनिवारच्या रांगेतला शेवटचा जोड

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं नर्सिंग केलंय. इतकी माणसं डोळ्यांदेखत गेली की भुताखेतांना घाबरायला अंगात त्राणच उरलं नाही. ड्यूटी संपली की पाय इतके ठणकतात, दुसरं काही सुचत नाही. पण ही एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

आमचा दवाखाना वारंगा फाट्याच्या अलीकडे, हायवेला लागून. बारा खाटा, एक ईसीजी मशीन, समोर लांब व्हरांडा. मोठे डॉक्टर नांदेडहून येतात. शनिवारी दोनला ओपीडी संपवून जे जातात ते थेट सोमवारी उगवतात. मधल्या वेळात छोटे डॉक्टर असतात, पण पेशंट जरा गंभीर असला की त्याला नांदेडला पाठवण्यावाचून इलाज नसतो. म्हणजे दुखणं तेच, औषध तेच... पण शनिवारी एकला आलेला माणूस चार दिवसांनी चालत घरी जातो आणि तीनला आलेला— माझे वडील तीनला आले होते. कळमनुरीहून, जीपमधून. सकाळपासून छातीत दुखत होतं, पण जेवून निघू म्हणत बसले. ॲम्ब्युलन्समध्ये मीच त्यांच्याजवळ होते. अर्धापूरच्या अलीकडेच गेले.

असो. आमच्याकडे रांगेत माणसं उभी राहत नाहीत, चपला राहतात. पहिल्या जीपने आलेले लोक ओपीडीच्या दारासमोर चपला लावतात आणि लिंबाखाली जाऊन बसतात. मी चप्पल बघून हाक मारते— लाल पट्टा, निळी स्लीपर... लोक हसतात. पण दुसऱ्याची चप्पल कुणी सरकवत नाही. चप्पल आहे म्हणजे पेशंट आहे, हे डॉक्टरही मानतात.

गेल्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांतला शनिवार. गर्दी बेताची होती. पावणेदोनला व्हरांडा रिकामा झाला आणि एकच जोड उरला. बाईमाणसाच्या चपला, टाचेशी झिजलेल्या, उजवीचा पट्टा हिरव्या दोऱ्याने शिवलेला. टाके इतके बारीक की चांभाराचे वाटेनात. मी दोनदा हाक मारली. नळावर बघितलं, बाथरूमकडे बघितलं, चहाच्या टपरीपर्यंत जाऊन आले. कोणी नाही.

डॉक्टर बॅग भरत होते. झाले ना सगळे, म्हणाले. खरं तर मलाही घर गाठायचं होतं. हो म्हणून मोकळी झाले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तोंडातून निघालं, "एक नंबर आहे, सर." ते कपाळाला आठ्या घालून परत बसले. सव्वादोन झाले.

"सिस्टर, आता चपलेलाच तपासू का?" ते म्हणाले.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. बाळापूरचे हमीदभाई, शिलाईकाम करणारे, पन्नाशीचे. घामाने निथळत होते. बायको, नजमाभाभी, त्यांना कसंबसं धरून होत्या. ईसीजी काढला. डॉक्टरांनी पट्टीवर एक नजर टाकली आणि तिथल्या तिथे इंजेक्शन सुरू केलं. तासाभराने हमीदभाईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. हा नांदेडच्या रस्त्यावर टिकला नसता, एवढंच डॉक्टर मला हळूच म्हणाले.

मी बाहेर आले तर नजमाभाभी त्या चपलांसमोर उभ्या होत्या.

"ह्या कुनी ठेवल्या, सिस्टर?"

सकाळपासून आहेत, तुमच्यापैकी कुणाच्या का, असं मी विचारलं.

"आमच्या सासूबाईच्या हायेत. पट्टा ह्यांनीच शिवला व्हता. दोरा बी आमच्या दुकानातलाच." मग म्हणाल्या, "अम्मीला जाऊन दोन साल झाले. चाळिसाव्याला समदं वाटून टाकलं व्हतं आमी."

तेव्हा मला ती म्हातारी आठवली. बीपीच्या गोळ्यांसाठी यायची. सगळ्यांच्या आधी चपला लावायची आणि नंबर इकडचा तिकडे झाला की माझ्याशी भांडायची. मी सलाईन बघायला आत गेले, पाच मिनिटांत परत आले, तर चपला नव्हत्या. नजमाभाभी बाकावर डोळे मिटून दुवा मागत होत्या. त्यांनी काही उचललं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, वाटलेल्या चपला जिला मिळाल्या तीच आली असेल. मीही स्वतःला तेच सांगते. पण मग ती तपासून न घेता गेली कुठे? आणि तोवर अनवाणी कुठे फिरत होती? हमीदभाई आता बरे आहेत, दुकानात बसतात. चपलांचा विषय काढला की मान खाली घालून मशीन चालवत राहतात.

मला त्या दिवशी भीती वाटली नाही. राग आला. माझ्या वडिलांनाही आई होती, तीही कधीच गेलेली. त्यांच्यासाठी का नाही कुणी चपला लावल्या? या प्रश्नाचा विचार करून करून मी थकले.

तेव्हापासून शनिवारी पावणेदोनला मी माझ्याच चपला काढून रांगेच्या शेवटी ठेवते. डॉक्टरांनी विचारलं की एक नंबर आहे म्हणते. बहुतेक वेळा कोणी येत नाही. ते थोडा वेळ थांबतात, चिडतात, निघून जातात.

गेल्या शनिवारी मात्र त्यांनी आधी दारातून बाहेर बघितलं, मग माझ्या उघड्या पायांकडे. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि दोन चहा सांगितले.

"तीनपर्यंत बसू," म्हणाले.