सपक आमटी

सणसवाडीच्या कंपनीतून सुट्टीला न्हावऱ्याला घरी आलो, की जेवताना मी आईवर चिडायचो. "आमटी इतकी सपक कशी? मिरच्या संपल्या का?" ती ताटात आणखी एक भाकरी वाढायची. वडील, म्हणजे आमचे आप्पा, मुकाट जेवायचे आणि लगेच पानाला चुना लावायला घ्यायचे. त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. "चुन्यानं भाजलंय," म्हणायचे आणि पान दुसऱ्या गालात धरायचे.

दाढ दुखायला लागली म्हणून त्यांना शिरूरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. आईही आली. डॉक्टर दाढ सोडून गालच बघत राहिले. "तिखट झोंबतं का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"झोंबतं," मागून आई म्हणाली. "दिवाळीपास्नं. सांगत न्हाईत, पर डोळ्यांत पाणी येतं. म्हणून मिरची कमी केली मी."

चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही, पण पान सुटलं नाही तर होऊ शकतो. वेळेत आलात."

त्या दिवशी घरी आईनं माझ्या ताटाशेजारी ठेच्याची वाटी ठेवली. मी वाटीला हात लावला नाही.