जिन्याखालची जागा

गेताँच्या घराच्या बाहेरच्या जिन्याखाली एकाच सायकलीपुरती जागा होती, आणि ती तीन वर्षं अडलेली होती. तिथे ओदेतची सायकल उभी होती. ओदेत म्हणजे गेताँची बायको. ती स्वतः साडेपाचशे किलोमीटर लांब, रिमुस्कीला, आपल्या आईपाशी. म्हातारी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ओदेत घरातली गाडी घेऊन गेली ती "एवढा हिवाळा काढून येते" असं सांगून. जिना उतरता उतरता वळून म्हणाली होती, "माझी सायकल हलवू नकोस हं. वसंतात लागेल मला."

असे तीन वसंत येऊन गेले. सायकल काही हलली नाही.

गेताँ माँट्रियालच्या रस्त्यांवरचे खड्डे बुजवायचा. सव्वीस वर्षं हेच काम. बर्फ वितळला की रस्ते उकलतात, गरम डांबर ओतायचं, चोपायचं, पुढच्या वर्षी पुन्हा तोच खड्डा. पहाटे पावणेपाचला घर सोडायला लागे, तेव्हा मेट्रो सुरू झालेली नसे. म्हणून हा सायकलने जाई आणि दुपारी परत आला की आपली सायकल खांद्यावर टाकून त्या गिरकी घेत चढणाऱ्या लोखंडी जिन्याने दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत नेऊन ठेवी. रोजची ही कसरत. खाली बायकोची सायकल आरामात उभी आणि नवऱ्याची सायकल नवऱ्याच्या खांद्यावर! खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण मादाम पाशेको पोर्तुगालहून येऊन पन्नास वर्षं त्याच खिडकीत बसलेल्या. त्या रोज म्हणायच्या, "गेताँ, अरे गाढवा, ती वर टाक आणि तुझी खाली ठेव."

"तिला लागेल ना, मादाम."

"हो हो, लागेल. मलाही पुढच्या वर्षी नाचायला जायचंय."

बरं, माणूस मठ्ठ होता असं नाही. त्याला सगळं कळत होतं. पण दर एप्रिलला, फूटपाथवरचा शेवटचा काळा बर्फ गेला की रविवारच्या फोनवर ओदेत विचारायची, "हवा भरलीस का रे माझ्या सायकलीत?" आणि हा छाती फुगवून म्हणायचा, "भरली. साखळीला तेलही दिलं." त्या एका प्रश्नावर तो वर्ष काढायचा. हवा विचारते आहे म्हणजे बसणार आहे, बसणार आहे म्हणजे येणार आहे. ओदेतनेही कधी येते म्हटलं नाही आणि कधी येत नाही असंही म्हटलं नाही.

या एप्रिलला तिने विचारलंच नाही. कुंड्या बाहेर काढल्यास का, डॉक्टरकडे गेलास का, सगळं विचारलं. हा फोन कानाला लावून वाट बघत राहिला. शेवटी "चल, आई हाक मारतेय" म्हणून तिने ठेवला. दुसऱ्या दिवशी गेताँने तरीही पंप काढला आणि दोन्ही चाकांत हवा भरली. भरताना त्याचे डोळे का भरले, ते त्याला विचारायला तिथे कुणी नव्हतं, आणि मादाम पाशेकोंनी तेवढ्यापुरता पडदा ओढून घेतला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा डावा गुडघा गेला. डॉक्टरीण म्हणाली, पायडल मारणं कमी करा आणि तो सायकल खांद्यावर घेण्याचा खुळेपणा आजपासून बंद. आता चढाव चढायचा तर काहीतरी बॅटरीवालं घ्यायलाच हवं.

कोपऱ्यावरच्या दुकानात माइका नावाची एक तरुण मुलगी होती, हात कायम ग्रीसने काळे. तिने दोन गोष्टी समोर काढून ठेवल्या. एक बॅटरीवर चालणारी सायकल, दणकट, रुंद चाकांची. दुसरी उभ्याने चालवायची स्कूटर, म्हणजे पाय ठेवायला एक फळी, धरायला एक दांडा आणि वीतभर चाकं.

"कामावर किती लांब जाता, मुस्यू?"

"नऊ किलोमीटर. आणि मध्ये तो रेल्वेखालून वर येणारा चढ."

"मग विचार कसला करताय? सायकल घ्या. एका चार्जमध्ये ऐंशी किलोमीटर जाते. गुडघ्याला हात लावायची गरज नाही."

"आणि रिमुस्कीपर्यंत?" गेताँ सहज बोलून गेला.

माइकाने त्याच्याकडे बघितलं. मग बोटांवर हिशेब केला. "सात चार्ज. स्कूटरने जाणार असाल तर आधी मृत्युपत्र करा."

गेताँ हसला. सायकलीवर बसून त्याने गल्लीला एक फेरी मारली. नुसतं पायडलवर पाय ठेवला तर मागून कुणीतरी हलकेच ढकलल्यासारखं झालं, आणि चढावर तो शीळ घालत गेला. परत आल्यावर त्याने सायकल उचलून बघितली. सव्वीस किलो! गिरकीच्या जिन्यावर ती नेणं म्हणजे रेडकू खांद्यावर घेणं. ती जिन्याखालीच राहणार. आणि जिन्याखाली तर...

"ही स्कूटर किती वजनाची?" त्याने विचारलं.

"चौदा. घडी होते. पण मुस्यू, तुम्हाला ती..."

"तीन दिवस वापरून बघू द्याल?"

माइकाने खांदे उडवले आणि दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे डेपोत जो हशा पिकला तो विचारू नका. तिथे द्योदोने नावाचा त्याचा हैतीचा जोडीदार होता, एकोणीस वर्षं एकाच ट्रकवर काम केलेला. त्याने फावडं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. "या या! शहरातले सगळे खड्डे ज्याला नावानिशी ठाऊक आहेत, तो माणूस एवढ्याशा चाकांवर आलाय! काय रे, आपल्याच कामाची तपासणी करतोस काय?"

"वर न्यायला हलकी आहे."

"दात मोज आधी. किती उरलेत?"

दात सगळे होते, पण खिळखिळे झाल्यासारखे वाटत होते. प्रत्येक भेग टाचेतून थेट कवटीत जायची. तिसऱ्या दिवशी सां-जोझेफ रस्त्यावर, स्वतःच मागच्या आठवड्यात बुजवलेल्या खड्ड्याच्या कडेला चाक अडकलं आणि गेताँ आडवा झाला. कोपर सोलून निघालं. तरी दुपारी सुटताना त्याने द्योदोनेला सांगून टाकलं, "स्कूटरच घेतोय. माझं ठरलं."

द्योदोने या वेळी हसला नाही. त्याने टोपी मागे सरकवली. "गेताँ, तू स्कूटर घेत नाहीयेस. तू त्या जिन्याखालची जागा राखतोयस. माझ्याशी खोटं बोल, चालेल. गुडघ्याशी कशाला बोलतोस?"

गेताँने सोललेलं कोपर पुसलं आणि स्कूटर घराकडे वळवली. ती जागा रिकामी केली तर ओदेत येणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. वेडेपणा आहे हे त्यालाही दिसत होतं. पण रोज दुपारी वळणावरून येताना ती फिकट हिरवी सायकल, तिची वेताची टोपली, दिसली की त्याच्या पोटात ऊब यायची. क्षणभर वाटायचं, आहे बाई घरात.

मग उजाडली पहिली जुलै. त्या दिवशी शहरातले सगळे भाडेकरार संपतात आणि अर्धं गाव घर बदलतं. रस्तोरस्ती ट्रक, गाद्या, कुंड्या, घामाघूम पोरं. जे नवीन घरात मावत नाही ते फूटपाथवर येतं, आणि फूटपाथवर आलेली वस्तू ज्याने उचलली त्याची. कुणी कुणाला विचारत नाही.

तिसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू येत होते. त्यांचा फ्रिज जिन्याच्या तोंडाशी अडकला, आणि खालच्या सायकलीचं हँडल नेमकं आड येत होतं. गेताँने कुलूप काढलं, सायकल दोन मिनिटांसाठी बाहेर आणली आणि फूटपाथवरच्या मेपलच्या झाडाला टेकवली. मग बघतो तर त्या दोन काटकुळ्या पोरांच्या हातून फ्रिज निसटायच्या बेतात. हा माणूस कसला गप्प बसतोय! घातला खांदा खाली. गुडघा ओरडत असताना एक एक पायरी करत फ्रिज तिसऱ्या मजल्यावर पोचवला, वर त्यांनी दिलेली थंड बिअर प्यायला, आणि अर्ध्या तासाने खाली आला.

मेपल होता. सायकल नव्हती.

आयुष्यभर याच शहरात राहिलेला माणूस! पहिल्या जुलैला, फूटपाथवर, कुलपाशिवाय!

"मादाम! सायकल कुठे गेली?"

खिडकीत मादाम पाशेको वाटाणे सोलत होत्या. "एक उंच मुलगी आली होती. हातात मांजराचा पिंजरा. मला म्हणाली, ही टाकलेली आहे का? मी म्हटलं, हो बाई, ने. हवा भरलेली आहे." मग त्याचा चेहरा बघून त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "गेताँ... मला वाटलं तू अखेर बाहेर काढलीस. मला आनंद झाला रे. मी मनात म्हटलं, सुटला बिचारा."

"कुठल्या बाजूला गेली?"

"पिंजरा टोपलीत ठेवला आणि खाली, राशेल रस्त्याकडे."

तो चार तास फिरला. लंगडत, ट्रकांच्या मधून, प्रत्येक हिरवी सायकल बघत. दिसली नाही. संध्याकाळी सातला घरी आला आणि वर गेलाच नाही. खालच्या पायरीवर बसला. पाठीमागे जिन्याखालची रिकामी फरशी होती, तीन वर्षांच्या धुळीत दोन चाकांच्या खुणा. रविवारपर्यंत थांबणं त्याला शक्य नव्हतं. त्याने फोन लावला.

"काय रे, आज कसा?" ओदेतचा आवाज दचकलेला. "बरा आहेस ना?"

"ओदेत, तुझी सायकल गेली."

"गेली म्हणजे?"

त्याने सगळं सांगितलं. फ्रिज, मेपल, उंच मुलगी. स्वतःला दोन शिव्याही दिल्या. मग ती म्हणाली, "चाकांत हवा होती?"

"होती. एप्रिलमध्येच भरली होती."

"मी तर विचारलं नव्हतं या वर्षी."

"नव्हतं विचारलंस. तरी भरली मी."

"का नाही विचारलं, ते विचार ना मला."

"का?"

"म्हटलं, मीच किती वर्षं विचारायचं? बघू या, हा काही विचारतो का." मागे कुठेतरी म्हातारीचा खोकला ऐकू आला. "आई उठून चालणार नाही, गेताँ. तिला सोडून मी येणार नाही. तुलाही हे ठाऊक आहे. तीन वर्षं तू माझी जागा राखलीस, कुणी राखत नाही एवढी. पण इथे तुझ्यासाठी जागा आहे का, हे एकदा तरी विचारलंस? दोन नाताळांना आलास, दोन रात्री राहिलास, आणि बूट दाराशीच तयार. रिमुस्कीच्या रस्त्यांना काय खड्डे पडत नाहीत?"

हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. शपथेवर सांगतो, एकदाही नाही. ती येईल, ती येईल, एवढंच. आणि ती तिकडे बसून त्याची वाट बघत असेल, हा विचार या शहाण्याला तीन वर्षांत शिवला नव्हता. त्याला इतकी लाज वाटली की त्याने कपाळ जिन्याच्या लोखंडी कठड्याला टेकवलं.

"आहे का जागा?" त्याने विचारलं.

"होती," ओदेत म्हणाली. "मागच्या शेडमध्ये, खिडकीखाली. दोन वर्षं तिथे काही ठेवलं नाही. शेजारी त्याची होडी ठेवू का म्हणाला, त्यालाही नाही म्हटलं. गेल्या ऑक्टोबरात मात्र मी तिथे लाकडं रचली."

वरच्या मजल्यावर नवीन पोरं पलंग सरकवत होती.

"किती लाकडं आहेत?" गेताँने विचारलं.

ओदेत हसली की रडली, फोनवर कळलं नाही. नाक ओढत म्हणाली, "असतील, एका हिवाळ्यापुरती."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर गेताँने स्कूटर माइकाच्या दुकानात नेऊन उभी केली आणि सायकलीवर हात ठेवला. माइका खूश झाली. बॅटरी लहान घ्या, म्हणाली, रोजच्या नऊ किलोमीटरला पुष्कळ झाली.

"मोठीच द्या. सात चार्ज म्हणाला होतात ना?"

संध्याकाळी त्याने ती जिन्याखाली, त्या धुळीतल्या खुणांवर उभी केली. मादाम पाशेको कालपासून त्याच्याशी नजर मिळवत नव्हत्या. आता खिडकीतून हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता ही जागा तुझी म्हणायची का रे?"

"वसंतापर्यंत माझी, मादाम," गेताँ म्हणाला, आणि कुलूप लावून वर गेला.