पावती नसलेले टायर

“‘मध्यंतरी’ म्हणजे नक्की कधी?”

सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटं होती. पोह्यांचा पहिला घास तोंडात होता आणि फोनवर परचुरे सर होते.

“काय मध्यंतरी, सर?”

“तुमच्या रिपोर्टचं पान तीन. ‘टायर मध्यंतरी बदललेले, उत्तम स्थितीत.’ कोणी बदलले? मी तर नाही बदलले.”

मी घास गिळला.

आधी माझं काम सांगतो. सव्वीस वर्षं मी वर्कशॉपमध्ये काढली, शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. आता वारज्यात घरी बसून स्वतःचं काम करतो. जुनी गाडी घेणारा माणूस मला बोलावतो, मी मालकाच्या पार्किंगमध्ये जाऊन गाडी तपासतो आणि चार पानी रिपोर्ट देतो. घ्या किंवा घेऊ नका, हे शेवटच्या ओळीत. मला गोड बोलता येत नाही. लोक त्यासाठीच पैसे देतात.

परचुरे सर रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, सहकारनगरला राहतात. त्यांची सेडान नऊ वर्षांची. कंपनीचं नाव सांगत नाही. डिकीवाली, पेट्रोलवरची, चंदेरी रंगाची, पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत दोन-तीन सापडतात तशी. चालली होती फक्त अठरा हजार किलोमीटर. दर रविवारी खडकवासल्यापर्यंत जायचं, कणीस खायचं आणि परत यायचं. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी गाडी विकायला काढली.

घेणारी प्रज्ञा वानखेडे. राहायला वाघोली, नोकरी हिंजवडीला. रोज कंपनीच्या बसने शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला गाडी स्वतःसाठी नकोच होती. तिचे वडील पोस्टातून रिटायर झालेले. दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, कधी एसटीने, कधी रेल्वेत उभ्याने. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सलग दोन वर्षं त्यांचं जाणं चुकलं होतं.

“यंदा बाबांना न्यायचंच आहे,” ती मला पहिल्या फोनवर म्हणाली होती. “उंच गाडीत त्यांना पाय टाकता येत नाही, म्हणून सेडान. मला गाड्यांमधलं काही कळत नाही. तुम्ही हो म्हणालात तर घेणार.”

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. ऐकून ऐकून त्याचं वजन वाटेनासं होतं, ते चुकीचं आहे.

तपासणीच्या दिवशी सरांनी मला गाडी दाखवण्याआधी फाईल दाखवली. अहो, काय फाईल होती! नऊ वर्षांतली प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती, तारखेनुसार. बॅटरीची पावती. वायपरच्या रबराची पावती. मागच्या डाव्या दिव्याचा बल्ब बदलला, त्याची पावती, आणि जुना बल्ब का गेला असावा यावर सरांची दोन ओळींची टीप. मी चाळीस मिनिटं ती फाईल बघत बसलो. माझ्या आयुष्यात इतका नीट मालक बघितला नव्हता, आणि खरं सांगतो, मी खूश झालो.

मग गाडी बघितली. पेंट मीटर लावला. रंगाचा थर किती जाड आहे ते तो सांगतो, म्हणजे ठोकलेली गाडी लपत नाही. इथे सगळीकडे कंपनीचाच रंग. इंजिनचा आवाज स्वच्छ. टायरच्या खाचांची खोली मोजली, सहा मिलिमीटर. नव्या टायरची साधारण आठ असते. वरून पॉलिश मारलेले, काळेकुळकुळीत टायर.

आता चूक सांगतो. टायर कधी बनला, ते त्याच्या कडेवर चार आकड्यांत छापलेलं असतं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुष्कळदा ते टायरच्या एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली असेल तर गाडीखाली झोपून बघावं लागतं. मी नेहमी झोपतो, त्यासाठी चटई घेऊन हिंडतो. पण त्या दिवशी दुपारी पुतणीचा साखरपुडा होता. अंगात पांढरा शर्ट होता आणि पार्किंग नुकतंच धुतलेलं होतं. मी मनात म्हटलं, जो माणूस वायपरचं रबर तारखेला बदलतो, त्याने टायर काय तसेच ठेवले असतील? आणि लिहिलं: मध्यंतरी बदललेले. सरांना विचारलंसुद्धा नाही.

आणि आता तेच सर फोनवर होते.

“सर, म्हणजे टायर...”

“गाडीबरोबर आले तेच. बदलले असते तर पावती असती. फाईल बघितलीत ना तुम्ही? चांगली चाळीस मिनिटं बघत होतात.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?” मी आवाज चढवला.

“रिपोर्टची प्रत मला काल संध्याकाळी गाडी देताना मिळाली. आज सकाळी वाचली. आणि आवाज खाली ठेवा. रिपोर्ट मी लिहिलेला नाही.”

बरोबर होतं त्यांचं. मी पोह्यांची बशी बाजूला सारली.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडलेला रबरबँड ओढून बघा, पटकन तुटतो. टायरचंही तसंच. रविवारी खडकवासल्याला चाळीसच्या स्पीडने जाऊन यायला तो कुरकुरत नाही. पण गाडीत घरची माणसं, डिकीत सामान, ऑक्टोबरचं ऊन, आणि संभाजीनगरच्या पुढे समृद्धी महामार्गावर तास न् तास शंभर-एकशेवीसचा स्पीड. तिथे टायर फुटला तर गाडी कुठे जाईल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. आणि प्रज्ञा पहाटे सहाला निघणार होती. मला माहीत होतं, कारण किती वाजता निघावं हा सल्लाही मीच दिला होता.

तिला फोन लावला. रिंग वाजली, उचलला नाही. परत लावला. सात वेळा लावला. मेसेज टाकला, ‘गाडी थांबवा, लगेच फोन करा.’ दोन टिका आल्या, निळ्या काही होईनात. मग आठवलं. काल गाडी ताब्यात घेताना मीच तिला दटावून सांगितलं होतं, चालवताना फोनला हात लावायचा नाही, कोणाचाही असो. पोरीने माझं ऐकलं होतं.

बायको म्हणाली, “पोलिसांना कळवा ना.” काय कळवू? चंदेरी गाडी, नगर रोड, मी टायर बघितले नाहीत म्हणून थांबवा?

तरी करायचं तर काय? मी परत सरांना फोन केला. आवाज आधीच खाली होता.

“सर, ती फोन उचलत नाहीये. नागपूरला निघाली आहे.”

मग कागद उलटल्याचा आवाज.

“सात वाजून बावन्न मिनिटांनी मला टोल कापल्याचा मेसेज आला. नगरच्या अलीकडचा नाका आहे. गाडीच्या काचेवरचा फास्टटॅग अजून माझ्याच नावावर आहे. बंद करायचा राहिला. ती चूक माझी.”

म्हणजे अजून समृद्धी लागायला वेळ होता. माझ्या जिवात थोडा जीव आला.

“तिच्याबरोबरच्या कोणाचा नंबर आहे का तुमच्याकडे?”

“अर्थात. खरेदीदाराकडून मी माहितीचा फॉर्म भरून घेतला. रक्तगटासकट. आणीबाणीत संपर्क: वडील. लिहून घ्या.”

“सांगा, सर, पटकन!”

“पटकन सांगितलं की चुकतं.” त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. “आता परत म्हणून दाखवा.”

देवाशपथ सांगतो, त्या क्षणी ते समोर असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. पण परत म्हणून दाखवला. सहावा आकडा मी चुकीचा लिहिला होता.

तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

“जय भीम. कोण बोलतंय?”

“जय भीम, काका. मी शिंदे, गाडी तपासली तो. गाडी आत्ता चालू आहे का?”

“चालू म्हणजे? लोण्यासारखी चाललीये, साहेब! नगरचा बायपास लागलाय. तुमचे आभार मानायला फोन करणारच होतो.” वानखेडे काकांचा आवाज इतका आनंदी होता की मला ऐकवेना. “फक्त मागच्या बाजूने जरा धब धब येतंय. रस्ताच तसला असेल.”

चांगल्या रस्त्यावर मागून धब धब येतंय म्हणजे चाक गोल राहिलेलं नाही.

“काका, नीट ऐका. प्रज्ञाताईंना सांगा, ब्रेक दाबायचा नाही. नुसता पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे. स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही.”

“का हो? काय झालं?”

“आधी थांबा, मग सांगतो!”

काकांनी तिला शब्द न् शब्द तसाच सांगितला. पोस्टातला माणूस, निरोपात फरक केला नाही. मग प्रज्ञाचा आवाज, “कोण आहे, बाबा?” मग इंडिकेटरची टिकटिक. एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. टिकटिक चालूच. मी घरात उभा राहून ऐकत होतो. बायको माझ्याकडे बघत होती.

“थांबलो,” काका म्हणाले. “पेट्रोल पंपाच्या कडेला आहोत.”

प्रज्ञाने फोन घेतला. मी तिला सांगितलं, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा, म्हणजे पुढच्या चाकाची आतली बाजू दिसेल. त्याचा फोटो काढा. मागची चाकं फिरत नाहीत, तिथे फोन गाडीखाली धरून फोटो काढा. तिने एक प्रश्न विचारला नाही. पाच मिनिटांत फोटो आले.

पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा. चार आकडे स्वच्छ दिसत होते. शेवटचे दोन नऊ वर्षांपूर्वीचे. मागच्या डाव्या टायरला आतून लिंबाएवढा फुगा आला होता. आतले धागे तुटले की हवा बाहेरचं रबर असं ढकलते. तो किती किलोमीटर टिकला असता? दहा, पन्नास, मला सांगता येत नाही. नागपूरपर्यंत नक्की नाही.

तिने फोटो बघितलेच होते. म्हणाली, “हे तुम्हाला तेव्हा दिसलं नव्हतं?”

खोटं बोलता आलं असतं. फुगा तेव्हा नसेलही, आजच्या स्पीडने आला असेल. बहुधा तसंच असेल. पण भेगा होत्या आणि आकडे होते.

“नाही दिसलं. मी खाली वाकून बघितलंच नाही.”

ती अगदी हळू म्हणाली, “माझी मुलगी त्याच बाजूला झोपलीये. मागे, डावीकडे.”

मला शरम वाटली. वर्कशॉपमध्ये मी पोरांना इतक्या शिव्या दिल्यात, पण मला कोणी एक शिवी न देता इतकं खाली आणलं नव्हतं. मी “सॉरी” म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

पुढचं काम माझ्या ओळखीचं होतं. नगरमध्ये माझ्याबरोबर वर्कशॉपला असलेला एक मेकॅनिक आता टायरचं दुकान चालवतो. तो स्वतः पंपावर गेला. फुग्याचा टायर काढून डिकीतली स्टेपनी लावली आणि तीसच्या स्पीडने गाडी स्वतः चालवत दुकानात नेली. चारही टायर नवे घातले, स्टेपनीचासुद्धा बदलला. प्रत्येक टायरचे चार आकडे त्याने मला फोटो काढून पाठवले. मी मागितले नव्हते, तरी पाठवले. ओळखतो तो मला. तीन तास गेले. गाडी निघताना मी त्याला फोनवर म्हटलं, पावती प्रज्ञाच्या हातात दे आणि सांग, जपून ठेवा.

माझी फी मी त्याच दिवशी परत केली.

रात्री साडेदहाला काकांचा मेसेज आला, ‘सुखरूप पोचलो.’ दसऱ्याला दुपारी फोटो आला. गर्दीत काठी धरून उभे आहेत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कडेला नात. तिच्या हातात फुगा आहे, पिवळा. मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन.

“दुरुस्त रिपोर्ट पाठवा. फाईल अपुरी राहिली आहे.”

“गाडी विकली ना, सर, तुम्ही?”

“गाडी विकली. फाईलची प्रत माझ्याकडे आहे.”

मी पान तीन पुन्हा लिहिलं. ‘टायर: मूळ, नऊ वर्षे जुने. प्रवासास अयोग्य. ही माहिती मालकाने नंतर दिली.’ दहा मिनिटांत परत फोन.

“‘मालकाने नंतर दिली’ बरोबर आहे. ‘तपासनिसाने आधी विचारली नाही’ हे कुठे आहे?”

मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि ते वाक्यही लिहिलं.

त्या रिपोर्टचं पान तीन माझ्या बॅगेत चटईच्या गुंडाळीत ठेवलेलं असतं. चटई उलगडल्याशिवाय ते हाताला लागत नाही, आणि ते हाताला लागल्याशिवाय मी कुठल्याही मालकाच्या फाईलला हात लावत नाही.