सुपारी चालते, बाई चालत नाही

घरात कोण कोण असतं, असं कुणी विचारलं की सिस्टर एकच शब्द सांगायच्या, "मी." पुढं विचारायची कुणाची छाती होत नसे.

रेणापूरच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, राहायला लातुरात भाड्याच्या खोलीत. लग्न केलं नव्हतं. स्वतःचं घर घ्यायचं म्हणून वर्षभर हिंडल्या. दलाल विचारायचे, साहेब कधी येणार बघायला? एक मालक तर तोंडावर म्हणाला, तुमची रात्रीची ड्यूटी, कोण येईल कोण जाईल, आम्ही घरंदाज माणसं. सिस्टर म्हणल्या, "तुमच्या सुनेचं बाळंतपण मी रात्रीच केलं. तवा न्हाई विचारलं." तरी त्या हरामखोरानं घर दिलं न्हाई.

माझी मंडळी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. सिस्टर येऊन तिच्या पाठीच्या जखमा धुवायच्या. आमच्या शेजारचं घर विकायला निघालंय, हे तिनंच त्यांना सांगितलं. सिस्टरनं ते घेतलं, एकटीच्या नावावर. पण त्यांची वास्तुशांत बघायला मंडळी राहिली न्हाई.

त्या दिवशी सिस्टरचा भाऊ बायकोला घेऊन आला आणि सरळ पूजेच्या पाटावर बसला. जोडपंच लागतं म्हणे. सिस्टर म्हणल्या, "ऊठ. घर माझं हाय, मी बसते." पूजा सांगणारे महाराज म्हणाले, एकट्या बाईला बसता येत नाही. माझं डोकं सणकलं. मंडळी गेल्यावर माझ्या घरी सत्यनारायण झाला, तेव्हा ह्याच महाराजांनी बायकोच्या जागी माझ्या कमरेला सुपारी खोवली होती. मी म्हणलं, "मला सुपारी चालली. हिला का न्हाई?" पुरुषाचं वेगळं असतं, म्हणाले. सिस्टरनं त्यांना दक्षिणा दिली, दार दाखवलं, चुलीवर दूध उतू घातलं आणि आम्हाला जेवायला वाढलं. भाऊ उपाशीच गेला, तो परत फिरकला न्हाई.

सिस्टर मात्र त्या घरात ऐटीत राहिल्या. अंगणात पाय पसरून चहा प्यायच्या. म्हणायच्या, "मामा, खोली खाली करा म्हणणारं कुणी न्हाई. लई झोप लागती."

यंदा गेल्या. मयताला तोच भाऊ मोठ्यानं रडला. जमलेले बाप्ये म्हणाय लागले, बिचारीला कुणी नव्हतं.

मला राहवलं न्हाई. म्हणलं, "बिचारी कुणाला म्हणता? ती स्वतःच्या घरातून चालली. तुमच्या बायका राबतात ती घरं कुणाच्या नावावर हायेत?"

बाप्ये तिरडी बांधायला वळले. बायका तेवढ्या माझ्याकडं बघत होत्या.