बर्फातले सिग्नल आणि आमचे बाबा

आधीच सांगते, मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात कोणी भुताखेताचं काढलं की "पुरावा आण, मग बोल" म्हणून त्याला खाली बसवणारी ती मीच. दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्या शेजारणीची मी यथेच्छ चेष्टा केलेली आहे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण मनात ठेवून कुढण्यापेक्षा लिहून मोकळी होते.

आम्ही बडोद्याला, मांजलपूरला राहतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर टीव्ही आणि त्याच्यासमोर तिघांचा सोफा. घरात मी, माझा नवरा, अकरावीतली मुलगी इरा आणि माझे सासरे, म्हणजे बाबा. बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते.

गेल्या नाताळच्या सुट्टीतली गोष्ट. शाळेला सुट्टी, पण नवऱ्याची रिफायनरीतली शिफ्ट चालूच. त्यामुळे घरात इराचं आणि माझं राज्य - सकाळी नवीन गेम, जेवण झालं की सिनेमा आणि मधल्या वेळेला इथला ओलसर लीलो चेवडो. सुट्टी सत्कारणी लावणं म्हणतात ते हेच!

बाबा मात्र आमच्यात येत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगला पिकला होता. समोर माणूस उभं आहे इतपत कळायचं, कोण ते कळायचं नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की आता आणखी थांबू नका, पुढे ऑपरेशन अवघड होऊन बसेल. बाबांचं एकच, "बघायचं राहिलंय काय आता?"

यामागे जशुकाकांचं दुःख होतं. बाबांचे इंजिनावरचे असिस्टंट. पुढे काकाही ड्रायव्हर झाले, रिटायर झाले आणि आमच्या शेजारच्या सोसायटीत राहायला आले. रोज संध्याकाळी दोघं खालच्या बाकावर बसून हल्लीच्या ड्रायव्हरांची यथासांग निंदा करायचे. नवरात्रात जशुकाका अचानक गेले आणि बाबांनी खाली उतरणंच सोडलं. दिसत नसल्याने चहा ओतताना कपाऐवजी बशीत, कधी ओट्यावर. नवऱ्याने समजावलं, मी चिडून पाहिलं, इराने लाडीगोडी लावली... ढिम्म. एक चांगला धडधाकट माणूस आपणहून अंधारात जाऊन बसत होता आणि आम्ही नुसते बघत होतो. मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा.

त्या दुपारी इराने आगगाडी चालवायचा एक नवा गेम सुरू केला होता. कुठल्याशा बर्फाळ देशातला, कोणी तरी मनाने रचलेला मार्ग. नकाशात शोधून सापडणार नाही असा. मी खाली बसून उंधियुसाठी तुरीच्या शेंगा सोलत होते. इराची गाडी प्रत्येक स्टेशन ओलांडून पुढे जात होती आणि ब्रेकचा कर्कश आवाज घरभर.

आतल्या खोलीतून बाबा ओरडले, "कोण ब्रेक मारतंय असं? माणसं पडतील ना आतली!"

आणि भिंतीला हात लावत लावत चक्क बाहेर आले. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसले. "दे इकडे ते रिमोट. कुठलं बटण कशाचं ते सांग फक्त."

इराने त्यांची बोटं धरून बटणं दाखवली. गाडी निघाली. काचेवर बर्फाचा मारा, समोर सगळं पांढरं. आम्हालाच धड काही दिसत नव्हतं, तर बाबांना काय दिसणार! मला वाटलं, चला, म्हाताऱ्याचा तेवढाच विरंगुळा.

"पीला," बाबा हात उंच करून म्हणाले आणि त्यांनी वेग कमी केला.

हे नवीन नव्हतं. रेल्वेत ड्रायव्हर सिग्नल बघून मोठ्याने म्हणतो, असिस्टंट स्वतः बघून तेच पुन्हा म्हणतो, दोघांचं जुळलं की पुढे. बाबा हिंदीत म्हणायचे, जशुकाका मात्र कायम गुजरातीत. बाबांच्या "हरा"वर काकांचं "लीलो छे, साहेब!" दोघांनी आम्हाला याची नक्कल कितीदा तरी करून दाखवली होती. मी हसले आणि शेंगांकडे वळले.

"मम्मी..." इरा म्हणाली.

वर पाहिलं. वळणामागून सिग्नल आला. पिवळा.

पुढचा, "लाल." बाबांनी गाडी अलगद थांबवली. बर्फातून लाल दिवा पुढे दिसला, तो नंतर. मग "हरा", आणि हिरवा. एकही चुकला नाही. बाबांची मान जराशी उजवीकडे कललेली, शेजारचा माणूस हळू बोलतोय आणि आपण ऐकतोय, तशी. इरा उजव्या बाजूला बसली होती. ती उठली आणि माझ्याजवळ खाली येऊन बसली.

आता माझ्यातली बाई जागी झाली - विज्ञानाची. गेममध्ये सिग्नलच्या आधी काही आवाज येत असेल, तो बाबा टिपत असतील. मी टीव्हीचा आवाज बंद केला. बाबांचा सिग्नल बरोबर. इराला दुसरा मार्ग लावायला लावला, तिनेही कधी न उघडलेला. बरोबर. हवामान बदललं, दिशा उलटी केली... तरीही बरोबर. माझ्या हातातली शेंग हातातच.

"बाबा, तुम्हाला दिसतंय का हो हे?"

"छे गं. धुकं नुसतं."

"मग कळतंय कसं?"

"जशु सांगतोय की," ते म्हणाले. भाजीवाला खाली आलाय, असं सांगावं तितक्या सहज.

भीती वाटली का, असं नवऱ्याने नंतर विचारलं. खरं सांगते, नाही वाटली. हॉलमध्ये ऊन होतं, खालून पतंगाच्या मांज्यावरून पोरांची भांडणं ऐकू येत होती आणि बाबा किती तरी महिन्यांनी ताठ बसले होते. मला रडू आलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवण होताच बाबा स्वतःहून सोफ्यावर. "सिनेमा नंतर लावा." गाडी सुरू झाली. सुरुवातीचे सिग्नल बिनचूक. मग एका सरळ रुळावर बाबा गप्प झाले. मान उजवीकडे झुकली.

"जशु?" ते हळूच म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "बोल ना, भाई."

बाबांनी हळूहळू ब्रेक लावला आणि गाडी बर्फात मध्येच उभी केली.

इरा म्हणाली, "आजोबा, हिरवा आहे. मला दिसतोय. जाऊ द्या ना!"

"तुला दिसतोय, बाळा. गाडी माझ्या हातात आहे आणि मला दिसत नाहीये." त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तो तरी किती दिवस सांगणार? ...मेधा, त्या डॉक्टरला फोन लाव. तारीख घे."

मी तत्काळ फोन लावला. विचार बदलायला सवड द्यायची नव्हती.

आधी एक डोळा, मग दुसरा. ऑपरेशन छान झालं. बाबा पुन्हा खाली उतरतात, एकटेच बाकावर बसतात, पेपर वाचतात आणि माझ्या पोळ्या कशा वेड्यावाकड्या होतात तेही आता त्यांना दिसतं. असो!

मी अजून उत्तर शोधते आहे. योगायोग म्हणावं तर इतके सिग्नल? सवय म्हणावी तर मार्ग खोटा. गेम करणाऱ्यांनी काही ठरावीक क्रम ठेवला असेल म्हणून इराने आणि मी तेच मार्ग कागद घेऊन पुन्हा पुन्हा खेळून पाहिले. दर वेळी दिवे वेगळे. वर्गातल्या पोरांना सांगण्यासारखं माझ्याकडे आजही काही नाही.

मागच्या रविवारी बाबा पुन्हा गेम खेळायला बसले. नवे डोळे, नवा चष्मा, स्वच्छ हवामानाचा मार्ग. आणि पहिलाच लाल सिग्नल धाडकन ओलांडून गेले! इरा हसून लोळायची बाकी होती.

"काय हो बाबा," मी म्हटलं, "दिसत नव्हतं तेव्हा एकही चुकला नव्हतात."

बाबांनी चष्मा काढून पुसला.

"तेव्हा मी कुठे सांगत होतो?" ते म्हणाले. "तो सांगायचा. मी नुसतं पुन्हा म्हणायचो."